डेसिकेटरमधला निळा खडा

या विश्वात जे काही आपोआप घडतं ते मुक्त ऊर्जेच्या उताराकडेच घडतं. ताऱ्यांपासून माणसांपर्यंत त्याला कोणीही अपवाद नाही. हे वाक्य डेल्टा सर दरवर्षी पहिल्या तासाला, एक हात टेबलावर ठेवून आणि नजर ताऱ्यांच्या अंदाजाने छताकडे लावून म्हणत. छताला ओल आली होती, त्यामुळे पहिल्या बाकावरची मुलं ताऱ्यांचा विचार करण्याऐवजी आपापल्या वह्या सरकवून घेत. मागच्या बाकावर तोवर दोघं जण आपोआप झोपलेले असत. सिद्धांताला तेवढा पुरावा पुरे होता.

सरांना डेल्टा हे नाव मुलांनी ठेवलं होतं. मुक्त ऊर्जेतला बदल दाखवायला ‘जी’ अक्षराच्या आधी जो त्रिकोण काढतात, तो सर फळ्यावर असा काही मन लावून काढत की एखाद्याला वाटावं, घर बांधतायत. हे नाव आदराने ठेवलंय असं सर समजून होते. तो समज कोणी दुरुस्त केला नाही.

सरांचा खरा राग होता तो एका शून्यावर. ‘जी’च्या डोक्यावर कधी एक बारीकसं शून्य काढतात, कधी काढत नाहीत. शून्य काढलं की अर्थ असा, की हा आकडा प्रमाण स्थितीतला आहे: सगळे वायू एका ठरलेल्या दाबाला, सगळी द्रावणं एका ठरलेल्या तीव्रतेची, सगळं कसं नेमस्त. असे आकडे पुस्तकाच्या मागे तक्त्यात छापलेले असतात. शून्य नसलं तर अर्थ असा, की बाबा रे, तुझ्यासमोर आत्ता जे भांडं आहे त्यात काय आहे, किती आहे, किती उरलंय, याचा हिशोब घाल आणि मग बोल. मुलं तक्ता बघत, आकडा उतरवत, शून्य खात आणि मोकळी होत.

“शून्यवाला जी म्हणजे पासपोर्टच्या फोटोतला माणूस,” सर सांगत. “नीट भांग, बंद तोंड, दोन्ही कान दिसतायत. बिनशून्याचा जी म्हणजे तोच माणूस सकाळी उठल्यावर, ज्याच्याशी तुम्हाला राहायचंय. तक्त्यात सगळे फोटो आहेत. माणूस तक्त्यात नाही.”

यावर वर्ग हसत असे. मग परीक्षेत पुन्हा शून्य खात असे.

तीस-पस्तीस वर्षं हे असं चाललं. आता निवृत्तीला महिना उरला होता, कॉलेजने दिलेलं घर सोडायचं होतं, आणि बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घर आवरायला लेक येणार होती. लेकीचं नाव बटण. तिसऱ्या वर्षी तिने आईच्या शिवणाच्या डब्यातलं कोटाचं बटण गिळलं होतं. बटण दुसऱ्या दिवशी रीतसर परत मिळालं; नाव मात्र तिच्याकडेच राहिलं. ती आता दूरच्या शहरात एका विमा कंपनीत होती आणि तिथे तिला कोणी बटण म्हणत नसे, म्हणून इथे ती त्या हाकेला जरा जास्तच पटकन ओ देत असे.

“बाबा, मी रविवारी येतेय,” ती फोनवर म्हणाली. “मी येईपर्यंत काही फेकू नका. आणि काही बांधूनही ठेवू नका.”

“मग मी करू काय?”

“चहा प्या. शिवणाची मशीन आईच्या त्या शिकाऊ मुलीला द्यायची, मी तिला कबूल केलंय. कपडे मावशी नेईल. पुस्तकांचं तुमचं तुम्ही बघा. मला एकच पाहिजे.”

“कपाट?”

“कपाट घेऊन मी चौथ्या मजल्यावर चढू? ते निळं पाहिजे, बाबा. आईचं.”

सर खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसले. वर्षभरात पहिल्यांदाच लेकीने त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं. वर्षभर दोघांचे फोन झाले होते, पण ते हवामान खात्याच्या पद्धतीचे: तिकडे काय, इकडे काय, जेवण झालं का, ठेवते.

“अगदी सुरक्षित आहे,” सर म्हणाले. “घरी नाही ठेवलेलं. घरी काय, वाफ, धूळ, कोणी हात लावतं. मी कॉलेजात डेसिकेटरमध्ये ठेवलंय. हवाबंद. पूर्ण कोरड्यात.”

“बरं,” बटण म्हणाली. मग जरा थांबून, “थँक यू, बाबा.”

हा शब्द तिने वापरला म्हणजे काहीतरी हललं होतं. सरांनी फोन ठेवला आणि खरोखरच चहा केला.

ते निळं म्हणजे मोरचुदाचा, कॉपर सल्फेटचा, एक स्फटिक होता, अक्रोडाएवढा, उशी एका कोपऱ्यातून दाबावी तसा तिरपा, आणि अशा निळ्या रंगाचा की त्याच्याकडे बघून शाईला लाज वाटावी. मोरचुदाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. निळा रंग त्या पाण्याच्या जिवावर असतो, आणि स्फटिकाचा आकारही. पाणी काढून घेतलं की उरते ती पांढरट भुकटी. हे सर शिकवत. स्फटिक मात्र सरांनी केला नव्हता.

झालं होतं असं की बऱ्याच वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी सर घरी मोरचुदाचं द्रावण करत होते. पुस्तकात लिहिलं होतं तसं: इतकं तापमान, इतके ग्रॅम, बीज म्हणून एक छोटा कण, त्याला दोरा. दिवसातून चार वेळा ते जाऊन बघत, बरणी उचलून उजेडात धरत, दोरा सरळ करत. चार दिवसांनी दोऱ्याला जे लागलं ते खरजेसारखं दिसत होतं.

“उरलंय ते मला द्या,” बायको म्हणाली. ती शिवणाचे वर्ग घेत असे, आणि तिला रसायनशास्त्रातलं एवढंच माहीत होतं की लोकरीला क्लोरीन चालत नाही.

“तू काय करणार?”

“काय करायचं असतं?”

“काही नाही. वाट बघायची असते.”

“मग ते तुम्हाला कसं जमेल?” ती म्हणाली.

तिने बरणीत मशीनचा दोरा सोडला, त्याला गाठ मारली ती अशी की कण दिसावा पण गाठ दिसू नये, बरणीच्या तोंडावर अस्तराच्या कापडाचा तुकडा बांधला, आणि बरणी इस्त्रीच्या टेबलामागे ढकलून दिली. मग ती तिला विसरली. निदान दिसायला तरी विसरली. सर विचारत, “बघू का?” ती म्हणे, “हात लावलात तर बोटं मोडीन. शिलाईचं आणि ह्याचं एकच. घाई केली की चुण्या पडतात.” टेबलामागून पुढे कधीतरी तिने ते बाहेर काढलं तेव्हा सरांना आधी वाटलं की कुठून तरी विकत आणलंय. त्यांच्या विभागातल्या एकाही माणसाला एवढा मोठा, एवढा स्वच्छ स्फटिक आयुष्यात करता आला नव्हता. सरांनी तो सहकाऱ्यांना नेऊन दाखवला. “कोणाचा?” विचारल्यावर त्यांनी “घरी केला” असं उत्तर दिलं. उत्तर खोटं नव्हतं. त्यातला कर्ता तेवढा त्यांनी खाल्ला होता.

पुढे कित्येक वर्षं तो निळा खडा स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर पडून होता. शेजारी किटली शिट्टी मारत असे, तव्याचा धूर जात असे, बटण सुट्टीला आली की तो उचलून डोळ्याला लावत असे. त्याला काही झालं नाही.

मग ऑपरेशन आलं. काही मोठं नव्हतं. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून, आणि म्हणाल्या, “सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसात शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आठवड्यात घरी जातात. तुमच्या मिसेसच्या बाबतीत मात्र हृदय आणि शुगर दोन्ही बघता…” पुढेही त्या बोलल्या. सरांनी अठ्ठ्याण्णवपर्यंतच ऐकलं. आकडा मिळाला की वाक्य संपलं, अशी सवय माणसाला कुठे लागते ते सरांच्या वर्गात येऊन कोणीही बघावं.

बटणची नवी नोकरी होती, पहिला महिना, रजा मागायची म्हणजे वरिष्ठांच्या दाराशी उभं राहणं. ती फोनवर म्हणाली, “येऊ का?” सर म्हणाले, “कशाला? शंभरातले अठ्ठ्याण्णव. आई आठवड्यात घरी येईल, मग निवांत ये.” तिने आईला फोन द्यायला सांगितलं. आई म्हणाली, “बाबा म्हणतायत तसं कर गं. त्यांनी पुस्तकात बघितलंय.” त्यात थट्टा किती आणि खरं किती हे विचारायची नंतर सोय राहिली नाही.

बटण पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली, मावशीजवळ. सरांना तिने काही म्हटलं नाही. ती परत जाताना खिडकीच्या कट्ट्याकडे बघून म्हणाली, “हे नीट ठेवा. मी नंतर घेऊन जाईन.” या घरात ती एवढं एकच वाक्य मागे ठेवून गेली, आणि सरांनी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखं मनात धरलं.

नीट ठेवा. आता सामान्य माणसाला नीट ठेवा म्हटलं तर तो वस्तू रुमालात गुंडाळून कपाटात ठेवतो. रसायनशास्त्राच्या माणसाला जे काही जिवापाड जपायचं असतं ते तो डेसिकेटरमध्ये ठेवतो. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं मोठं भांडं. खाली सिलिका जेलचे दाणे, मध्ये भोकांची जाळी, वर वस्तू, आणि काठाला व्हॅसलीन लावून बसवलेलं झाकण. जेलचे दाणे आतल्या हवेतला ओलावा पिऊन टाकतात. कोरडे असताना ते निळे असतात, पोट भरलं की गुलाबी होतात, मग त्यांना भट्टीत भाजून पुन्हा निळं करायचं. इतक्या वर्षांत सरांनी आपल्या हाताने तोललेली प्रत्येक मोलाची वस्तू त्या भांड्यातून गेली होती. कोरडं म्हणजे सुरक्षित, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. बोटांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा डोकं फेरविचार करत नाही.

तरी सरांनी खात्री केली. शास्त्राचा माणूस. पुस्तक काढलं, मागचा तक्ता उघडला. मोरचुदातून पाणी आपोआप सुटेल का? तक्त्यातला आकडा धन होता, चांगला वीसच्या वर. धन म्हणजे चढ. चढावर आपोआप काही जात नाही. सरांनी पुस्तक मिटलं. त्या वेळी त्यांच्या बायकोला जाऊन आठवडा झाला होता आणि सर स्वतः तक्त्यातल्या माणसासारखे वागत होते: भांग नीट, तोंड बंद. आकड्याच्या डोक्यावर एक बारीकसं शून्य होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

भांड्याची काळजी त्यांनी प्रयोगशाळेतल्या मामांवर सोपवली. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक, उंच, वाकलेले, आणि सांगितलेल्या कामात कधी स्वतःची अक्कल न घालणारे. या गुणावर त्यांनी चार विभागप्रमुख पार केले होते.

“मामा, जेल गुलाबी दिसली की बदलायची. बाकी झाकण कोणी उघडायचं नाही. मीसुद्धा नाही.”

“तुम्हीपण नाही?”

“उघडलं की बाहेरची हवा आत जाते.”

हे शास्त्रीय कारण होतं. दुसरंही एक होतं, ते शास्त्रीय नव्हतं. मामांनी भांड्यावर काळं कापड टाकलं आणि सर त्या खोलीतून जाताना बुटांकडे बघत जाऊ लागले.

बटणच्या फोननंतर शनिवारी दुपारी सर प्रयोगशाळेत गेले. मामा ब्युरेटच्या काचनळ्या धुऊन उलट्या टांगत होते.

“मामा, ते काढू या आज. मुलगी येतेय उद्या.”

“काढू की. एकदम चोख ठेवलंय बघा. झाकण मात्र कुठून तरी हवा घेतं, सर. जेल सारखी गुलाबी व्हायची. मी व्हॅसलीन बदललं, तरी व्हायची. मग मी काय केलं, दर आठवड्याला भाजायला घेतली. नंतर नंतर तर ते जरा पांढरं पडायला लागलं, तेव्हा म्हटलं दमट हवा लागली, म्हणून जेल दुप्पट टाकली.”

“काय पांढरं पडायला लागलं?”

“ते आतलं. तुमचं.”

मामांनी काळं कापड काढलं, झाकण एका बाजूला सरकवत सरकवत काढलं, आणि आत बघून, “एवढं नव्हतं गेल्या खेपेला,” असं म्हणाले.

जाळीवर एक खडूच्या रंगाचा गोळा होता. कडा ढासळलेल्या, अंगावर भेगा, भेगांत कुठेतरी एक आजारी हिरवट निळसर छटा. खाली जेलचे दाणे मात्र असे निळेभोर होते की बघत राहावं. वर्षभर त्यांनी त्या खड्यातलं पाणी थेंबाथेंबाने ओढलं होतं, आणि मामांनी दर आठवड्याला भट्टीत घालून ते हवेत सोडून दिलं होतं. झाकणाला कुठेही गळती नव्हती. एवढं चांगलं बसलेलं झाकण त्या प्रयोगशाळेत दुसरं नसेल.

सर स्टुलावर बसले. मग त्यांच्या डोक्याने, कोणी न सांगता, तो हिशोब केला जो त्याने वर्षापूर्वी करायला हवा होता. तक्त्यातला चढ खरा होता. पण तो भोवती एका वातावरणाच्या दाबाची नुसती वाफच वाफ असताना. साध्या घरात, जिथे चहा होतो, कपडे वाळतात, माणसं श्वास सोडतात, तिथे वाफ तेवढी नसते, पण एका मोरचुदाला आपलं पाणी धरून राहायला पुरते. इथे वाफ जवळजवळ शून्य केलेली. भोवती काहीच नसेल तर चढाचा उतार होतो. पहिल्या वर्षाच्या पोराने सोडवावं असं गणित. त्यांनी स्वतः ते प्रश्नपत्रिकेत दिलं होतं, दोनदा.

“दुसरा करू की, सर,” मामा म्हणाले. “स्टॉकमध्ये मोरचूद पडलंय पोतंभर.”

“हो,” सर म्हणाले, कारण दुसरं काही सांगणं म्हणजे मामांवर अन्याय झाला असता. त्यांनी सांगितलं तेच केलं होतं, फक्त जरा जास्त.

तो गोळा काचेच्या उथळ पेट्री डिशमध्ये ठेवून, वर दुसरी डिश पालथी घालून, सर तो दोन्ही हातांत धरून घरी आले. वाटेत नेहमीच्या दुकानदाराने विचारलं, “सर, काय नेताय एवढं जपून?” सर म्हणाले, “नमुना.”

घरी एक मार्ग शिल्लक होता, तो त्यांनी केला. वाटीत पाणी, शेजारी डिश, दोन्हींवर काचेचं मोठं भांडं पालथं. वाफ परत द्यायची. पाणी त्याचं ते घेईल. रंग परत येतो, हे त्यांना माहीत होतं. रविवारी सकाळी त्यांनी बघितलं तर रंग खरंच परत आला होता, फिका, धुतलेल्या शर्टाच्या कॉलरसारखा. पाण्याला घरी यायचं कळलं होतं, पण कुठल्या खोलीत कोण राहत होतं ते कळलं नव्हतं. खड्याची धार गेली होती. बोट लावलं तर कोपरा पिठासारखा खाली आला. दोरा, जो गाठीने खड्यात अडकलेला होता, तो आपला आपण सुटून शेजारी पडला होता.

दारावर टकटक झाली तेव्हा सरांच्या मनात एक विचार येऊन गेला, तो नोंदवायला हवा. तिरप्या उजेडात, लांबून, डिश उचलू न देता दाखवलं तर चालेल. जुना झालाय, म्हणावं. मुलांची अशी उत्तरं त्यांनी किती तरी वर्षं तपासली होती. मांडणी चोख आणि उत्तर चूक.

बटण आली, पिशवी खाली टाकली, आणि स्वयंपाकघरात शिरली ती थेट टेबलाशी. काचेच्या भांड्याखाली बघून ती काही क्षण उभी राहिली.

“हे काय आहे?”

“ते,” सर म्हणाले.

“ते नाही हे.”

“तेच आहे. मी बिघडवलं.”

तिने भांडं उचललं. सर सांगत राहिले: जेल, वाफ, चढ, उतार. ते चांगलंच समजावत होते. आयुष्यात कधी नव्हे ते एक विद्यार्थी सगळं शेवटपर्यंत ऐकत होता.

“थांबा,” बटण म्हणाली. “म्हणजे घरी ठेवलं असतं तर?”

“तर राहिलं असतं.”

“कट्ट्यावर? होतं तिथेच?”

“तिथेच. फ्रीजवर. बाथरूममध्ये. कुठेही.”

“म्हणजे काहीच केलं नसतं तर.”

“हो.”

ती खुर्ची ओढून बसली. बाहेर कोणी तरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी ते सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होती.

“पण तुम्ही बघितलं नाहीत पुस्तकात?”

“बघितलं. तक्त्यात होतं की काही होणार नाही. आकडा बरोबर होता, बटण. तो आकडा आजही बरोबर आहे.”

“आणि अठ्ठ्याण्णव?”

सरांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. डिशच्या काठावरची भुकटी बोटाने आत लोटत होती.

“तोही बरोबर होता,” सर म्हणाले.

“असेल. आईचा नव्हता तो.”

“नाही.”

“डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं का?”

इथे सरांना एक रस्ता मोकळा होता. डॉक्टर बाईंची ती खोली सोडली तर त्या वाक्याचा साक्षीदार जगात कोणी नव्हता.

“सांगितलं होतं,” सर म्हणाले. “हृदयाचं म्हणाल्या होत्या. मी आकड्यापाशी थांबलो.”

बटण उठली, नळाखाली बोट धुतलं, दोनदा, साबण लावून. मोरचूद विषारी असतं, हे तिला लहानपणी सरांनीच शिकवलं होतं.

“मी तेव्हा स्टेशनवर जाऊन उभी होते,” ती नळाकडे तोंड करून म्हणाली. “बॅग भरली होती. तुमचा फोन आला म्हणून परत गेले.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला कसं माहीत असणार. मी सांगितलं नाही.”

सरांना वाटलं, आता ती जाईल. ती गेली नाही. तिने किटली ठेवली, कप शोधले, आणि कप नेहमीच्या जागी नाहीत म्हणून बापाला बोलली. एकटा माणूस राहतो आणि चार कप उष्टे कसे असतात, असं. सर म्हणाले, “एक घासायचा म्हणजे वेळ वाया जातो, चार झाले की एकदम.” “आई असती तर,” ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच ठेवून साखर टाकली.

दिवसभर दोघांनी आवरलं. शिकाऊ मुलगी येऊन मशीन घेऊन गेली. मावशीने कपडे नेले आणि नेताना प्रत्येक कपड्याची हकीकत सांगितली, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच बहिणीच्या होत्या. कपाटामागे सरांचा एक मोजा सापडला, तो बटणने दोन बोटांनी उचलून, “हा तुमच्या डेसिकेटरमध्ये ठेवा,” असं म्हटलं. सर हसले. मग हसल्याबद्दल त्यांना अपराधी वाटलं, आणि तिलाही वाटलं असावं, कारण तिने मोजा पटकन पिशवीत टाकला.

निघताना ती टेबलापाशी थांबली. सरांनी डिशला चिकटपट्टी लावून, जुन्या मलमलीच्या तुकड्यात बांधून ठेवली होती.

“रंग अजून थोडा येईल,” ते म्हणाले. “तुझ्याकडे हवा दमट आहे. आकार मात्र…”

“बाबा, राहू दे.”

“तू मागितलं होतंस.”

“मी आईनं केलेलं मागितलं होतं. हे तुम्ही केलंय.” तिने ते रागाने म्हटलं नाही; औषधाची बाटली परत करताना म्हणतात तसं म्हटलं. “हे तुमच्याजवळ ठेवा. मी पुढच्या महिन्यात सामान हलवायला येते. एकट्याने उचलू नका काही.”

सर बसपर्यंत गेले. बस सुटेपर्यंत दोघं हवामानावर बोलले.

सोमवारी सर डिश घेऊन कॉलेजात गेले. नव्या घरात खोल्या दोनच होत्या, हे एक कारण. मामांनी गाठ सोडून आत बघितलं.

“ह्याचं काय करू, सर?”

“बेसिनमध्ये नका ओतू. तांबं आहे.”

“मग?”

“जड धातूंच्या डब्यात.”

मामांनी डिश डब्यात उपडी केली, तळाशी टकटक केलं, आणि वर चिठ्ठीवर तारीख घातली. तो डबा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नेतात.